शौचावरचा ताबा आणि वजनकाटा : सुरतच्या मराठीभाषक रुग्ण-कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, सुरत महानगरपालिका
मा. अधिष्ठाता, स्मीमेर रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, सुरत
मा. वैद्यकीय अधीक्षक, न्यू सिव्हिल हॉस्पिटल, सुरत
मा. आरोग्य आयुक्त, गुजरात राज्य, गांधीनगर

विषय : शौचावरचा ताबा सुटलेल्या रुग्णांना नसेच्या उत्तेजनाचे उपचार देताना केवळ वजनावरून नकार न देण्याबाबत, आणि वजनाची शास्त्रीय नोंद ठेवण्याबाबत.

महोदय / महोदया,

लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा आणि नवागाम इथे राहणाऱ्या, बहुतेक खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या वतीने आम्ही हे लिहीत आहोत. आमच्यापैकी काहींचा शौचावरचा ताबा गेला आहे. कोणाचा अवघड बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटल्यामुळे, कोणाचा जुन्या मधुमेहामुळे, कोणाचा गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर. चारचौघांत बोलायचे हे दुखणे नाही. बायका 'कपडे खराब होतात' एवढेच सांगतात, पुरुष तेवढेही सांगत नाहीत. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर प्रौढांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात असतो. तरीही केसपेपरवर तो क्वचितच लिहिला जातो. रुग्ण मधुमेहाचा किंवा मूळव्याधीचा म्हणून येतो आणि तसाच परत जातो.

जे धीर करून बोलतात, त्यांच्यातल्या अंगाने जाड असलेल्यांना एक ठरलेले उत्तर मिळते : 'आधी वजन कमी करा, मग बघू.' ते कोणी, कुठे दिले हे आम्ही इथे लिहीत नाही, कारण आमची तक्रार कोणा एका डॉक्टरांविरुद्ध नाही. दुखणे तपासण्याआधी वजनकाटा पाहून निर्णय करण्याच्या सवयीविरुद्ध ती आहे. वजन कमी करायला चाला म्हणतात. ज्या बाईला घरापासून दोनशे पावलांवर कपडे खराब होण्याची भीती आहे, ती कुठे चालणार? ती घरात बसते आणि तिचे वजन वाढते. पुढच्या खेपेला काटा आणखी वर गेलेला असतो आणि उत्तर तेच.

आम्ही वैद्य नाही. मागण्यांआधी कारणे मांडतो, ती आम्ही समजून घेतली तशी.

गुदाशय, गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू आणि ओटीपोटाचा तळ यांना चालवणाऱ्या नसा कमरेखालच्या त्रिकास्थीतल्या छिद्रांमधून बाहेर पडतात. तिसऱ्या छिद्रातून बारीक तार घालून तिथल्या नसेला सतत हलका विद्युतप्रवाह द्यायचा, आणि तो देणारे छोटे यंत्र नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली ठेवायचे, हा एक उपचार. त्याची सुरुवात मूत्राशयाच्या विकारांसाठी अमेरिकेत तनाघो आणि श्मिट यांनी केली. शौचावरच्या ताब्यासाठी तो जर्मनीतल्या एर्लांगेनच्या क्लाउस मात्झेल आणि सहकाऱ्यांनी वापरला. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी केवळ तीन रुग्णांची हकिगत छापली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. त्याआधीच्या मोठ्या अभ्यासात यंत्र बसवलेल्या १२० रुग्णांपैकी, वर्षभराने पाहिलेल्यांत, ८३ टक्क्यांचे ताबा सुटण्याचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले होते.

दुसरा उपचार स्वस्त आणि साधा आहे. पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या टिबियल नसेचे मूळ त्रिकास्थीच्या त्याच नसांशी जुळते. घोट्याच्या वर तीन बोटांवर केसासारखी बारीक सुई टोचून, किंवा नुसते चिकटपट्टे लावून, अर्धा तास प्रवाह द्यायचा. सुईने दिल्यास आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. आमच्याकडे लोक याला 'नसेला शेक देणे' म्हणतात. चिकटपट्ट्याने प्रवाह देणारी यंत्रे फिजिओथेरपी विभागांत पाठदुखीसाठी रोज चालतात.

या दुसऱ्या उपचाराबद्दल आम्हाला कोणाला भुलवायचे नाही. ब्रिटनमध्ये २२७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराने ३८ टक्के रुग्णांना ठरवल्याइतका फायदा झाला आणि खोट्या उपचाराने ३१ टक्क्यांना. हा फरक निर्णायक नव्हता. अमेरिकेत पुढे स्त्रियांवर झालेल्या चाचणीतही खरा उपचार खोट्यापेक्षा सरस ठरला नाही. मात्र ब्रिटनच्या आकड्यांची नंतर फेरतपासणी झाली. ज्यांना ताबा नसण्याबरोबरच शौचाला जोर करावा लागत होता, पोट साफ होत नव्हते, त्यांना बाजूला काढल्यावर उरलेल्यांत खऱ्या उपचाराचा फायदा जवळपास निम्म्यांना दिसला आणि खोट्याचा एक पंचमांशाहून कमी जणांना. नंतर केलेल्या अशा तपासणीवर सगळा भार टाकता येत नाही हे आम्हाला कळते. पण तीत निकाल पालटला तो 'कुंथावे लागते का' या प्रश्नाने. आमच्या लोकांना तो प्रश्न विचारला जात नाही आणि वजन मात्र दर खेपेला केले जाते.

मग वजनाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नीट सांगितला पाहिजे.

चरबीतून वीज वाईट वाहते. चिकटपट्ट्याने प्रवाह देताना तो कातडी आणि तिच्याखालचा थर ओलांडून नसेपर्यंत जावा लागतो. थर जाड असेल तर प्रवाह वाढवावा लागतो, आणि वाढवला की नस जागी होण्याआधी कातडीच चुणचुणते. रुग्ण 'बस' म्हणतो, यंत्र त्या आकड्यावर थांबते आणि बारा आठवडे नसेपर्यंत काहीच पोहोचत नाही. शेवटी 'उपचार लागू पडला नाही' असा शेरा. सुईने ही अडचण बरीच कमी होते, कारण सुई थर ओलांडूनच आत जाते. ती योग्य जागी पोचली की पायाचा अंगठा वळतो किंवा तळव्यात मुंग्या येतात. ही खूण डोळ्यांना दिसते. ती दिसली की नाही एवढे लिहून ठेवले, तरी वजनाबद्दलचे निम्मे वाद संपतील.

इथे आमचा एक अनुभव उपयोगी पडेल. घोट्यावरची चरबी आणि पोटावरची चरबी सारखी नसते. पोट सुटलेल्या कित्येक बायकांचा घोटा हाडकुळा असतो. उलट लूमच्या (यंत्रमागाच्या) खात्यात बारा-बारा तास उभा राहणारा सडपातळ कारागीर संध्याकाळी येतो तेव्हा त्याचा घोटा सुजलेला असतो, आणि त्या सुजेतही नस तेवढीच खोल जाते. म्हणजे या उपचारापुरते पाहायचे तर काट्यावरचा आकडा चुकीच्या जागेचे माप घेतो. घोट्याचा घेर मोजायला फक्त टेप लागते, आणि टेपांना या शहरात तोटा नाही.

त्रिकास्थीच्या यंत्राची गोष्ट वेगळी. जाड रुग्णात छिद्र खोल असते, हाडाच्या खुणा हाताला लागत नाहीत, क्ष-किरणाचे चित्र अस्पष्ट येते आणि नेहमीच्या लांबीची सुई पुरत नाही, लांब सुई आधीपासून हाताशी ठेवावी लागते. पालथे झोपवून भूल देण्याचा धोका वाढतो. सोबत मधुमेह असेल तर जखम चिघळण्याची भीती असते. बाहेरून चार्ज होणारे यंत्र फार खोल बसवले तर चार्जर लागत नाही. शिवाय ताकद जास्त ठेवावी लागली की बॅटरी लवकर उतरते. या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत. पण त्या तयारीच्या आहेत. नकाराचे कारण त्यांतून आपोआप निघत नाही.

बारीक माणसालाही धोका असतो, तो मात्र कोणी बोलत नाही. नितंबावर मांस नसेल तर यंत्र कातडीला आतून टोचते, दुखते, कधी कातडी झिजवून वर येते. आमच्या बायका घरी साडीला स्टोन आणि लेस लावण्याचे, धागा कापण्याचे काम करतात, तेही फरशीवर मांडी घालून, तासन्‌तास. यंत्र कुठे बसवायचे हे त्यांना बसवून, परकराच्या नाडीची जागा पाहून ठरवले पाहिजे. टेबलावर पालथे झोपवून नाडीचा वळ कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गुजरातेत २५.२ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आणि २२.६ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या होत्या. वजनाचा प्रश्न दोन्ही टोकांना आहे, आणि लिंबायतच्या एकाच गल्लीत दोन्ही टोके भेटतात. घारी-लोचोसारखे पदार्थ आवडीने खाणाऱ्या शहरात वजनावर बोलताना एवढे ध्यानात ठेवावे.

बॉडी मास इंडेक्स या उंची-वजनावरून काढलेल्या आकड्याबद्दलही थोडे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलेच छायाचित्र छापून दाखवले की दोघांचा इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. जागतिक प्रमाणाप्रमाणे ३० च्या पुढे स्थूल म्हणतात, तर भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २५ ची रेघ ओढली. इंडेक्स २६ असलेली बाई एका रजिस्टरात 'थोडी जास्त' आणि दुसऱ्यात 'स्थूल' ठरते. अशा रेघेवर तिचा उपचार अडवणे कोणत्या आधारावर?

आणि सर्वांत मोठे कारण. त्रिकास्थीच्या उपचाराची परीक्षा त्याच्या आतच बांधलेली आहे. आधी तात्पुरती तार घालून दोन-तीन आठवडे पाहतात. रुग्ण रोजची डायरी भरतो. प्रसंग निम्म्याने कमी झाले तरच कायमचे यंत्र बसवतात, नाहीतर तार काढून टाकतात. शंभर किलोच्या बाईला उपयोग होईल का, हे विचारायची सोय असताना अंदाजावर उत्तर का द्यायचे?

वजन कमी करण्याला आमचा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात ३३८ जाड स्त्रियांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवले त्यांचे लघवी गळण्याचे आठवड्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. ज्यांना केवळ माहितीवर्ग दिले त्यांचे २८ टक्क्यांनी. तो अभ्यास लघवीचा होता, पण ओटीपोटाच्या तळावरचा भार एकच. वजन उतरवणे हा उपचाराचा भाग असू द्या. तो उपचाराच्या दारावरचा पहारेकरी नको. आणि तो करताना पोटाकडेही लक्ष असू द्या : वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांनी काहींना जुलाब लागतात, काहींना बद्धकोष्ठ होते. पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही शौच पातळ होऊ शकते. ज्याचा ताबा आधीच सैल आहे त्याला पातळ शौच झेपत नाही.

आमच्या मागण्या अशा :

पहिली, आणि जी मान्य झाली तर बाकीच्यांवर आम्ही सबुरीने बोलू : शौचावर ताबा नसलेल्या कोणत्याही रुग्णाला केवळ वजनावरून किंवा इंडेक्सवरून नसेच्या उत्तेजनाचा उपचार नाकारू नये. नाकारायचा असेल तर वैद्यकीय कारण केसपेपरवर लिहून, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून नाकारावा. 'वजन कमी करा' हा सल्ला द्यायचा असल्यास तो आहारतज्ज्ञ आणि व्यायामाच्या खऱ्या सोयीसह द्यावा, आणि तोवर निदान पायाच्या नसेचा उपचार सुरू ठेवावा.

दुसरी. यंत्रापर्यंत जाण्याआधी साध्या गोष्टी तपासल्या गेल्या आहेत याची नोंद असावी. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाला त्या गोळीनेच जुलाब होत असतील तर गोळीचा प्रकार बदलून पाहणे, शौच घट्ट करणारे औषध, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, बाळंतपणात फाटलेल्या स्नायूची तपासणी, आणि कुंथावे लागते का हा प्रश्न. यातले काही महाग नाही. कित्येकांचे काम इथेच भागेल, असे आम्हाला वाटते.

तिसरी मागणी स्मीमेर आणि न्यू सिव्हिल या दोन्ही ठिकाणी आठवड्यातून एक दिवस या विकाराची बाह्यरुग्ण सेवा आणि फिजिओथेरपी विभागातून पायाच्या नसेचा उपचार सुरू करण्याची आहे. नोंदवहीत प्रत्येक रुग्णामागे उंची, वजन, कमरेचा घेर, घोट्याचा घेर, सूज, दिलेला प्रवाह आणि अंगठा वळला की नाही एवढे रकाने असावेत. वेळ सकाळची असावी, म्हणजे रात्रपाळी करून येणाऱ्याचा अपवाद सोडला तर घोटे सुजलेले नसतील. बारा आठवड्यांची बारा अर्ध्या दिवसांची रजा कारागिराला परवडत नाही, मजुरी विणलेल्या ताक्यांवर असते. म्हणून पहिल्या काही बैठकांनंतर घरी लावायचे चिकटपट्ट्याचे यंत्र अनामत घेऊन देण्याचा विचार व्हावा. खोली बंद दाराची असावी. दारावर रोगाचे नाव लिहू नये.

चौथी : वर्षभराच्या या नोंदींतून वजन आणि परिणाम यांचा संबंध खरोखर काय आहे ते वैद्यकीय महाविद्यालयांनी अभ्यासावे, आणि चाचणी करायची तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आधी नोंदवून करावी. या उपचारांवरचे मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या शरीरांवर झालेले आहेत. याज्ञिकांच्या छायाचित्रानंतर ते आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू धरणे कठीण आहे. सुरतेत दोन्ही टोकांची शरीरे आहेत, दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि आमच्यासारखे आपण होऊन येणारे रुग्ण आहेत.

पाचवी मागणी पैशांची. त्रिकास्थीचे यंत्र काही लाखांच्या घरात जाते. गुजरात सरकारने जुलै २०२३ पासून आयुष्मान-मा योजनेचे संरक्षण कुटुंबामागे १० लाख रुपये केले आहे. हे यंत्र, त्याची तात्पुरती चाचणी आणि पायाच्या नसेचा उपचार योजनेच्या यादीत आहेत का, याचे लेखी उत्तर आम्हाला मिळावे, आणि नसतील तर निदान चाचणीचा टप्पा यादीत घ्यावा, तोही वजनाची अट न घालता. हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची किंमत २०१७ साली केंद्राने बांधून दिली. या यंत्रासाठीही तसा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. आमच्यातल्या अनेकांची कार्डे अजून जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत. आयुष्मान कार्ड देशभर चालते ही गोष्ट खिडकीवर बसणाऱ्यापर्यंत पोहोचवावी.

सहावी : यंत्र बसवलेल्या प्रत्येक रुग्णाची दुखणे, जंतुसंसर्ग, तार सरकणे, कातडी झिजणे अशी प्रत्येक तक्रार २०१५ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्याच्या) कार्यक्रमात वजनासह कळवावी. वजन पुढे बरेच वाढले किंवा घटले तर यंत्राची सेटिंग फुकट तपासून मिळावी.

सातवी. प्रश्नावल्या आणि डायऱ्या मराठीत हव्यात. या विकारात यंत्र लावायचे की नाही हे रुग्णाने भरलेल्या डायरीवर ठरते. परक्या भाषेत भरलेली डायरी चुकली तर निर्णयही चुकतो. महानगरपालिका याच शहरात मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, तेव्हा चार पानांचा मराठी कागद छापणे अवघड नाही.

आठवी, महानगरपालिकेच्या खास अखत्यारीतली : १९९४च्या प्लेगनंतर या शहराने स्वच्छतेत जे करून दाखवले ते देशाने पाहिले. त्याच शहरात बाजारात, बसस्थानकांवर आणि चालण्याच्या बागांत अडचणीच्या वेळी उघडे सापडेल असे शौचालय हवे, बायकांसाठी वेगळे, पाण्यासह. 'चाला' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याला त्याशिवाय अर्थ नाही. लूमच्या खात्यांत आणि डाइंग मिलांत मालकांशी बोलून निदान एवढे करावे की मध्येच उठून गेलेल्या कारागिराची मजुरी कापली जाणार नाही.

आम्ही काय मागत नाही, तेही स्पष्ट करतो. प्रत्येकाला यंत्र बसवा असे आम्ही म्हणत नाही. जुनाट बद्धकोष्ठासाठी त्रिकास्थीच्या उत्तेजनाचे निकाल नियंत्रित चाचण्यांत निराशाजनक आले आहेत. त्यासाठी सरकारी पैसा घालावा अशी आमची मागणी नाही, आणि खासगीत कोणी तसे विकत असेल तर रुग्णांना सावध करावे, अशीच विनंती आहे. भूलतज्ज्ञांनी धोका जास्त आहे असे म्हटले, तर आम्ही त्यांचे ऐकू. फक्त ते भूलतज्ज्ञांनी, तपासून म्हणावे.

या मागण्यांवर बोलण्यासाठी एका महिन्याच्या आत दोन्ही रुग्णालयांच्या सर्जरी, स्त्रीरोग, मधुमेह आणि फिजिओथेरपी विभागांसोबत एकत्र बैठक बोलवावी. आमच्याकडून रुग्ण आणि त्यांच्या घरचे मिळून दहाबारा जण येतील, त्यांत बायका अधिक असतील. बैठकीची खोली शौचालय असलेल्या मजल्यावरच ठेवावी, आणि मध्ये उठून गेलेल्याला कारण विचारू नये.

कळावे,
रुग्ण-कुटुंबांच्या वतीने